हॉलला आलेली मागणी

विद्यापीठाचं उपकेंद्र कॅनडातल्या आमच्या पोर्ट हॅलममध्ये कसं वाढलं, ते मला विचारा. नगरपालिकेच्या गुळगुळीत पुस्तिकेत बघू नका. तिथं सगळ्या झाडांना पानं आहेत आणि सगळी माणसं हसतायत.

आधी त्यांनी किंग स्ट्रीटवरचं बंद पडलेलं कापडाचं मोठं दुकान घेतलं. पोलादाचा कारखाना गेला होता, त्याच्यामागोमाग दुकानं हायवेवरच्या मॉलमध्ये गेली होती आणि गावाच्या मध्यभागी उरले होते दोन बार, ढीगभर कबुतरं आणि आमचं युक्रेनियन चर्च. त्यामुळे विद्यापीठ आलं म्हटल्यावर आम्ही सगळे हरखलो. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी खिडक्यांत दिवे दिसायला लागले. कोपऱ्यावर कॉफी मिळायला लागली, आणि ती इतकी महाग की माझा नवरा जिवंत असता तर त्यानं कप तिथल्या तिथं परत केला असता. मग त्यांनी जुनं पोस्ट ऑफिस घेतलं. मग बँक. मग बिंगोचा हॉल. मग सिनेमाचं थिएटर, ज्याच्या मागच्या रांगेत मी नवऱ्याचा हात पहिल्यांदा धरला होता. तिथं आता व्यवस्थापन शिकवतात. दर थोड्या दिवसांनी महापौर फीत कापायचे, बँड वाजायचा आणि नकाशावरचा निळा रंग अजून थोडा पुढे सरकायचा. निळा म्हणजे विद्यापीठ.

सरकत सरकत तो रंग आमच्या हॉलच्या भिंतीला येऊन टेकला.

हॉल चर्चच्या समोरच आहे, रस्ता ओलांडला की. लाल विटांचा, बसका. बघून कुणी फोटो काढावा असं त्यात काही नाही. कारखान्यातून सुटल्यावर आमच्या आजोबांनी तो स्वतःच्या हातांनी बांधला, म्हणून एक भिंत जरा कलली आहे. लग्नं तिथं, बारशी तिथं, दफन करून आल्यावरची जेवणं तिथं. आणि दर गुरुवारी तिथं पिरोही. मैद्याची पारी लाटायची, आत बटाटा आणि चीजचं सारण भरायचं, कडेला मुरड घालायची, उकळत्या पाण्यात सोडायची आणि वर लोण्यात परतलेला कांदा. सकाळी लांब टेबलाशी बसून आम्ही बायका त्या करतो आणि दुपारी खिडकीतून गरम गरम विकतो. चर्चचं हिवाळ्यातलं हीटिंग आणि फादरांची गाडी त्या बटाट्यावर चालते. पुरुष मंडळी कमिटीत बसतात. ते कशावर चालतात ते मला अजून कळलेलं नाही.

मी स्टेफनिया. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. तोंडावर मला स्टेफा म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

आता माझ्या मुलाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. बोहदान माझा एकुलता एक. त्याच टेबलाखाली तो रांगला, वाढला, कच्च्या पिठाचे गोळे चोरून खाऊन त्याचं पोट दुखायचं. शिकला, मोठा झाला आणि विद्यापीठानं त्याला उपकेंद्राच्या विस्ताराचा संचालक केला. तिकडे त्याला 'बो' म्हणतात. पूर्ण नाव घ्यायला त्यांच्या जिभा दमतात. मी सगळ्या गावाला सांगत सुटले होते, माझा मुलगा संचालक झाला, संचालक झाला. विस्तार कुणाच्या अंगावर होणार हे विचारायचं मला सुचलं नाही.

एका रविवारी तो जेवायला आला आणि सूप गार होईपर्यंत चमचा नुसता फिरवत बसला.

"बोल," मी म्हटलं. "सूप वाईट झालंय की बातमी वाईट आहे?"

"आई, आधी पूर्ण ऐकून घेशील?"

"म्हणजे बातमीच."

"हॉलच्या मागची गाडीतळाची जागा विद्यापीठानं घेतलीय. दोन्ही बाजूचे प्लॉटही. तिथं मोठी काचेची इमारत होणार. हॉल मिळाला तर चौकोन पूर्ण होतो."

"आणि नाही मिळाला तर?"

"आई, मायरोनकाका तयार आहेत. चर्चचा घुमट गळतोय, कमिटीला पैसे हवेत. तुमचं काही जात नाही. नव्या इमारतीत तळमजल्यावर सामुदायिक खोली असेल. गुरुवारी सकाळी ती तुमची. नाव आधी नोंदवलं की झालं."

"चूल?"

"दोन विजेच्या शेगड्या आहेत."

"दोन!" मी म्हटलं. "आमचं पातेलं बघितलंयस का? लहानपणी मी तुला त्यात आंघोळ घातलीय."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. मग तो खरं काय ते बोलला. "आई, तुम्ही किती जणी उरलात? पारास्का आजी नव्वदीच्या आहेत. तुझे गुडघे बघ. अजून काही वर्षांनी त्या टेबलाशी बसायला कोण असणार आहे? तेव्हा कुणी फुकटातसुद्धा घेणार नाही तो हॉल. आत्ता मान आहे, आत्ता द्या."

मी त्याचं सूप उचललं आणि मोरीत ओतलं. राग आला की मला बोलता येत नाही, भांडी बोलतात. तो कोट घालून निघाला तेव्हा दारात मी एवढंच म्हटलं, "तुझ्या साहेबांना सांग, आम्ही मेलो की या. अजून मेलो नाही." तो म्हणाला, "तू नेहमी अशीच," आणि गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

मायरोन म्हणजे कमिटीचा अध्यक्ष, पारास्का आजींचा मुलगा. माणूस वाईट नाही, पण कुणी सूट घालून आलं की त्याचा कणा लोण्याचा होतो. आयुष्यात दोन गोष्टींवर त्याचं प्रेम, अध्यक्षपद आणि परसातले भोपळे. दर वर्षी जत्रेत बक्षीस मिळवतो आणि मग सगळ्यात मोठा भोपळा सुगीच्या जेवणासाठी हॉलच्या स्टेजवर आणून मांडतो. त्या वर्षीही मांडला होता. लाल, गरगरीत, देठाला फीत बांधलेली.

त्यानं मला बजावलं, "स्टेफा, येत्या गुरुवारी विद्यापीठाचे लोक यायचेत. उपकुलगुरू स्वतः येतायत. जरा गोड बोल."

"गुरुवारी आम्हाला काम असतं."

"म्हणूनच येतायत. तुमचं काम बघायचंय त्यांना. परंपरा!"

"मायरोन, विकायचं असेल तर मतदान घ्यावं लागतं."

"रविवारी आहेच की. पण मनं आधी जुळायला हवीत," तो म्हणाला. त्याचे शब्द नव्हतेच ते. कुणीतरी शिकवून पाठवलं होतं.

गुरुवार उजाडला. टेबलाभोवती आम्ही सगळ्या जणी, हात पिठात, तोंडं चालू. पारास्का आजी नेहमीसारख्या टोकाला, उशीवर बसलेल्या. त्यांना आता नीट दिसत नाही, पण मुरड अशी घालतात की पिरोही कधी फुटत नाही. दार उघडलं आणि तिघं आत आले. पुढे बोहदान, मध्ये उपकुलगुरू डॉक्टर मेरिडिथ पॅकवूड, मागे नकाशांची गुंडाळी काखेत घेतलेला वास्तुरचनाकार. आणि बाईंच्या हातात मोठा गोल पाव. पावाखाली टॉवेल. मी टॉवेल ओळखला. लाल-काळ्या धाग्याचं भरतकाम माझंच होतं, बोहदानच्या लग्नात मी दिला होता तो.

पोरानं काय केलं होतं ते मला लगेच कळलं. त्यानं साहेबांना सांगितलं असणार, आमच्या लोकांत भरतकामाच्या टॉवेलवर पाव ठेवतात, मान असतो. अर्धवट आठवणीतलं. अरे, तो पाव घरचे लोक पाहुण्यांसमोर धरतात. पाहुणेच पाव घेऊन, तोही टॉवेलवर, सुगी संपल्यावर, दोन सोबती घेऊन दारात उभे राहिले, तर त्याचा आमच्यात एकच अर्थ होतो.

डॉक्टर पॅकवूड बोलायला लागल्या. बाई उंच, आवाज मऊ. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण बूट ओले झाले म्हणून त्या दारातच पायपुसण्यावर उभ्या राहिल्या होत्या, तेवढं मला आवडलं. म्हणाल्या, "आम्ही तुमचे शेजारी. तुमच्याकडे एक फार सुंदर गोष्ट आहे, तुम्ही ती जिवापाड जपलीत. आम्हाला वाटतं, तिला आमच्या घरात मानाची जागा मिळावी. हे विकणं-घेणं नाही. दोन कुटुंबं एकत्र येण्यासारखं आहे."

पारास्का आजींचे हात थांबले. त्यांनी मान वर केली आणि आमच्या भाषेत, पण चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "अगं स्टेफा, हे मागणी घालायला आलेत का?"

 मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सुटल्याच सगळ्या.

"आजी, मुलगी कोण पण?"

"हॉल! दुसरं कोण आहे इथं लग्नाचं?"

"वयानं थोराड आहे म्हणावं."

"आणि एका बाजूला कललीय. सांगितलंय का त्यांना?"

"नवऱ्याकडचं घर मोठं आहे हं, काचेचं."

"काचेच्या घरात नांदायची नाही आमची पोरगी. तिथं नवऱ्याला चिमटा काढला तरी सगळं गाव बघेल."

डॉक्टर पॅकवूडसुद्धा हसायला लागल्या, सगळे हसतात म्हणून. त्यांना एक शब्द कळत नव्हता. बोहदानला सगळं कळत होतं. त्यानं टॉवेलकडे बघितलं, पावाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो ते आत्ता त्याच्या लक्षात आलं होतं. मायरोन कोपऱ्यातून धावत आला. "बायांनो, काय चाललंय? पाहुणे आलेत!"

"पाहुणे आलेत तेच म्हणतोय," पारास्का आजी म्हणाल्या. "तर मग उत्तर द्या की त्यांना. ताटकळत ठेवू नये."

आणि त्यांनी अधू डोळे नेमके माझ्याकडे वळवले.

आमच्या आज्यांच्या गावात मागणी नाकारायची तर तोंडानं 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. पोरगी आत जायची आणि भोपळा आणून पाहुण्यांच्या हातात द्यायची. संपलं. पुढे बोलणं नाही, भाव करणं नाही. कॅनडात येऊन किती पिढ्या झाल्या, आता पोरं फोनवर जुळवतात आणि फोनवरच मोडतात. पण अजूनही कुणाचं जमलं नाही की आम्ही म्हणतो, भोपळा मिळाला. खरा भोपळा मात्र मी कुणाच्या हातात दिलेला बघितला नव्हता.

मी हात पुसले नाहीत. पिठाच्या हातांनीच स्टेजकडे गेले. मायरोन ओरडला, "स्टेफा! स्टेफा, तो माझा बक्षिसाचा आहे!" मी भोपळा उचलला. कमरेत कळ आली ती अजून पावसाळी हवेत जाणवते. टेबलाला वळसा घालून मी आले. पाव बाईंच्या हातातून काढून टेबलाशी बसलेल्या ओलेक्सांड्राकडे दिला आणि त्यांच्या रिकाम्या हातांवर भोपळा ठेवला.

बायका उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आता कुणी हसत नव्हतं.

डॉक्टर पॅकवूड मात्र खुलल्या. "अरे वा! किती देखणा आहे हा!" वास्तुरचनाकारानं फोन काढून फोटोही घेतला. "बो, काय आहे हे? काही खास प्रथा आहे का?"

मायरोन बोहदानच्या कानाशी लागला. मला ऐकू आलं. "सांग, सुगीची भेट आहे म्हणून. सांग लवकर. मी निस्तरतो नंतर."

आणि ते अगदी सहज खपलं असतं. ऑक्टोबर महिना, ज्याच्या त्याच्या दारात भोपळे. बाई आनंदानं घेऊन गेल्या असत्या, मायरोननं रविवारी म्हटलं असतं की बायकांनी तर भेट दिली, म्हणजे त्यांचाही होकारच. बोहदानची खुर्ची राहिली असती. मला वाटलं, बोलेल तो खोटं. आणि मला हेही वाटलं की, बोललाच तर मी त्याला दोष देऊ शकणार नाही, त्याला बायको-मुलं आहेत, घराचे हप्ते आहेत. मी त्याच्याकडे बघायला नको होतं. पण बघितलं.

त्यानंही माझ्याकडे बघितलं. टेबलाखालून पीठ चोरताना पकडला गेला की बघायचा तसा.

"मॅडम," तो म्हणाला, "ही भेट नाही. हा नकार आहे. आमच्यात मागणी नाकारायची असली की भोपळा देतात. पाव आणायला मी सांगितलं, ती चूक माझी. त्यांना वाटलं, म्हणजे, त्यांना बरोबरच वाटलं, की आपण हॉलला मागणी घालायला आलोय."

बाईंचे कान लाल झाले. पण बाईंनी तोल सोडला नाही, एवढं म्हणेन. "म्हणजे आत्ता नको, असं का?"

"कधीच नको," पारास्का आजी इंग्रजीत म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून इंग्रजी फार कमी वेळा ऐकलंय.

डॉक्टर पॅकवूड भोपळा टेबलावर ठेवायला वाकल्या, तर बोहदान पुढे झाला. "तो इथं ठेवायचा नसतो. घेऊन जायचा असतो, मॅडम. द्या, मी घेतो." आणि माझ्या मुलानं तो भोपळा दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला आणि दारातून बाहेर पडला. खिडकीतून आम्ही बघत राहिलो. किंग स्ट्रीटवरून, न्हाव्याच्या दुकानासमोरून, बारसमोरून तो भोपळा घेऊन उपकेंद्रापर्यंत चालत गेला. न्हावी आमचाच. वस्तरा हातात घेऊन तो बाहेर आला आणि बघतच राहिला. संध्याकाळपर्यंत गावातल्या एकूण एक युक्रेनियन घरात कळलं होतं की हॉलनं विद्यापीठाला भोपळा दिला आणि तो स्टेफाच्या पोरानं वाहून नेला.

रविवारी प्रार्थनेनंतर मतदानाला हॉल भरला. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक आले होते. मायरोननं भाषण लिहून आणलं होतं. घुमट, गळती, भविष्य, विकास. शेवटी म्हणाला, "आणि गुरुवारी जे झालं तो बायकांचा पोरकटपणा होता. त्याला काडीची किंमत नाही."

मी उठले. "पोरकटपणा म्हणतोस? तुझी अर्धी कमिटी त्या बटाट्यांवर बसलीय. घुमट गळतो म्हणतोस? गळू दे. बादली मी ठेवीन, रोज मी ओतीन. हॉल गेला तर ती बादली ठेवायला येणारं माणूससुद्धा उरणार नाही, एवढं तरी तुझ्या डोक्यात शिरतंय का?"

"स्टेफा, तू शांत हो. तुझा मुलगाच तिकडे..."

"माझ्या मुलाचं नाव घेऊ नकोस! तू खोटं बोल म्हणालास, आणि तो खरं बोलला. मी उभी होते तिथं."

गलका झाला. फादर हात वर करून थांबले, त्यांना कोण विचारतो? तेवढ्यात पारास्का आजींनी काठी जमिनीवर आपटली.

"मायरोन," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या आधी मी एकाला भोपळा दिला होता. श्रीमंत होता. दुसऱ्या दिवशी माझा बाप म्हणाला, चुकलं, बोलावू या परत. माझी आई म्हणाली, भोपळा देऊन परत बोलावणारं घर म्हणून गावात ओळख झाली, तर उरलेल्या पोरींना कोण विचारील? तुला आपलं घर तसं करायचंय का? करायचं तर कर. पण मग माझं शेवटचं जेवण या हॉलमध्ये ठेवू नकोस. त्या काचेत ठेव. आधी नाव नोंदवून."

मायरोन खाली बसला. आईसमोर तो अजून सहा वर्षांचाच आहे. हात वर झाले आणि मोजायची गरजच पडली नाही.

हॉल राहिला. आनंदीआनंद झाला, बाटल्या उघडल्या, मी नाचलेसुद्धा. पण उगाच गोड शेवट सांगणार नाही. बोहदानच्या दारावरची संचालकाची पाटी महिन्याभरात निघाली. काढून टाकलं नाही त्याला, सरकवलं. वर्गांचं वेळापत्रक लावायचं काम दिलं. तो मला एक शब्द वावगा बोलला नाही, आणि त्याचाच मला त्रास झाला. नाताळला आला, ईस्टरला आला. बर्फ पडला की माझ्या दारासमोरचं उपसून जायचा, पण बूट काढून आत काही यायचा नाही. हॉलच्या दारात तर त्यानं पाऊलच टाकलं नाही. गुरुवारी मी त्याला रस्त्याच्या पलीकडून जाताना बघायची.

"तुझ्यावर राग आहे माझा, असं म्हण तरी," मी एकदा त्याला फावडं धरून थांबवलं.

"राग नाही, आई."

"मग काय आहे?"

"माहीत नाही. त्या दिवशी मी ना इकडचा राहिलो ना तिकडचा," तो म्हणाला. "तू जिंकलीस. मला थोडा वेळ दे."

वेळ दिला. तोवर विद्यापीठानं इमारत बांधली. हॉलशिवाय बांधली, आमच्या तीन बाजूंनी. आता दुपारीसुद्धा आमच्या टेबलावर ऊन येत नाही, दिवे लावून मुरड घालावी लागते. पण त्यांची एक गंमत झाली. नकाशे काढताना त्यांनी आमचा होकार धरूनच ठेवला होता. हॉल पडणार, तिथं बाग होणार, म्हणून इमारतीची हवा आत ओढणारी मोठी यंत्रं बागेच्या बाजूला ठेवली होती. बाग झाली नाही. ती यंत्रं आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांसमोर आहेत. दर गुरुवारी आम्ही लोण्यात कांदा टाकला की तो वास चार मजले चढतो.

पोरं येतात ना मग! वह्या काखेत घेऊन खिडकीसमोर रांग लावतात. इमारतीत खायला म्हणून यंत्रातले चिप्स मिळतात. त्या पोरांशी माझं कधीच भांडण नव्हतं. एकीनं विचारलं, यात मैदा नसलेली मिळेल का? मी म्हटलं, मिळेल, त्याला बटाटा म्हणतात. तर खरंच नुसता बटाटा-कांदा घेऊन गेली, आणि पुढच्या वेळी मैत्रिणींना घेऊन आली. दोघी-तिघी तर आता सकाळच्या वेळी टेबलाशी बसतात. मुरड वाकडी घालतात. पारास्का आजी त्यांच्या बोटांवर चमचा मारतात.

मग या फेब्रुवारीत एका गुरुवारी ऐन गर्दीच्या वेळी हॉलचा फोन वाजला. बोहदान होता. आवाज एकदम कचेरीतला.

"आई, एक औपचारिक विनंती आहे. दुपारी वर्ग चालू असतात तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद ठेवता येतील का? वासाच्या तक्रारी आहेत."

"कुणाच्या?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या."

"तू कितव्या मजल्यावर बसतोस?"

तिकडे खुर्ची करकरली. मग, "तिसऱ्या."

"वास येतो तुला?"

"सगळ्यांनाच येतो, आई. खिडक्या उघडत नाहीत इथल्या. हवा येते ती तुमच्याकडूनच. मुलांचं लक्ष लागत नाही."

"मुलांचं सोड. तुझं लागतं का?"

 मागे कुणीतरी त्याला 'बो, बो' हाक मारत होतं.

"लिहून घे," मी म्हटलं. "हॉलच्या खिडक्या बंद होणार नाहीत. उद्या नाही, कधीच नाही. तुझ्या साहेबांना सांग, तुझ्या तिसऱ्या मजल्याला सांग. आणि हे तुला एकट्याला सांगतेय, बोहदान. मी हॉल सोडला नाही आणि तुलाही सोडणार नाही. तुला वाटत असेल दोन्हींतलं एक निवडून मी मोकळी झाले, तर तू आईला ओळखलंच नाहीस. रांग इथं लागते. संचालक असलास तरी रांगेत उभं राहावं लागेल, नसलास तरी."

"आई, मी कामावर आहे."

"मीही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तो आला नाही. त्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाहेर गावालगतचं तळं गोठलंय, गल्लीतून वारा सुरीसारखा आत येतो. आम्ही कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून टेबलाशी बसतो. ओलेक्सांड्राची बोटं निळी पडतात. काल कुणीतरी कुरकुरलं, स्टेफा, निदान एक तरी खिडकी लावून घे. पारास्का आजी म्हणाल्या, तिच्या पोराची जेवायची वेळ झालीय, गप्प बसा.

मी शिडीवर चढले आणि प्रत्येक खिडकीत एकेक लाकडी पाचर ठोकली, वाऱ्यानंही बंद होऊ नये म्हणून. मग खाली उतरले आणि कांद्याची दुसरी कढई चढवली.